नखानं निघाली ती आपली

सोयाबीनच्या मुळांवर दोन तऱ्हेच्या गाठी असतात, हे मी कृषी महाविद्यालयात चार वेळा परीक्षेत लिहिलं होतं आणि चारही वेळा मला पुरते मार्क मिळाले होते. तो फरक खरा कळला महादेवीअक्काच्या अंगठ्यामुळे. उजव्या अंगठ्याचं एक नख ती वाढवायची. बाकीची नऊ नखं दर रविवारी ब्लेडनं साफ. नवीन आलेल्या कुणी विचारलं की म्हणायची, "ते नख न्हाय, ते माझं हत्यार हाय."

आमचं संशोधन केंद्र सोलापूर शहराच्या बाहेर. अक्का कुंभारीहून पहिल्या एसटीनं यायची. मस्टरवर तिचं पद 'मजूर, स्त्री' एवढंच होतं आणि ते अठरा वर्षं तेवढंच राहिलं होतं. मी तिथं संशोधन सहाय्यक म्हणून लागले तेव्हा माझं पद लिहायला एक अख्खी ओळ लागायची. काम मात्र आम्हा दोघींचं एकच होतं. फरक इतकाच, की तिला ते येत होतं.

काम सांगायला सोपं आहे. सूत्रकृमी म्हणजे डोळ्यांना न दिसणारे, दोऱ्यासारखे बारीक किडे. ते मातीत राहतात, मुळात शिरतात, मूळ जागोजाग सुजून गाठी धरतं आणि वर झाड पिवळं पडत जातं. आमच्याकडचे डाळिंबवाले त्यांना निमॅटोड म्हणतात. अक्काची आई अक्कलकोटकडची, घरात कानडी, त्यामुळे ती 'हुळा' म्हणायची. सोयाबीनचा कुठला वाण ह्या हुळांपुढे टिकतो ते आम्ही ठरवायचो. वाफेवर शिजवून निर्जंतुक केलेली माती कुंड्यांत भरायची, बी लावायचं, रोप वर आलं की मोजून किडे मुळाशी सोडायचे. दीड महिन्यानं झाड उपटायचं, मूळ धुवायचं आणि गाठी मोजायच्या. एकही गाठ नाही, श्रेणी एक. दहापर्यंत दोन. तिसापर्यंत तीन. शंभरापर्यंत चार. शंभराच्या वर पाच, म्हणजे तो वाण हुळांनी खाल्लाच म्हणून समजा.

आणि प्रत्येक खेपेला चार कुंड्या 'चेक'च्या. चेक म्हणजे ज्याच्यावर हमखास गाठी येतात असा जुना वाण. चेकवर भरपूर गाठी आल्या तर किडे जिवंत होते आणि चाचणी खरी. चेकच कोरा निघाला तर बाकीच्या कुंड्यांत काय दिसतं ह्याला काडीची किंमत नाही. सगळं पहिल्यापासून लावायचं. आमच्या धंद्यातला सगळा प्रामाणिकपणा त्या चार कुंड्यांत असतो.

पहिल्याच आठवड्यात मी एक मूळ धुऊन ट्रेमध्ये ठेवलं आणि ऐटीत सांगितलं, "बेचाळीस. श्रेणी चार." अक्का बादलीपाशी उकिडवी बसली होती. स्टुलावर ती कधीच बसली नाही. तिनं हात न पुसताच ते मूळ उचललं, अंगठ्याचं नख लावलं आणि टपटप गाठी पाडायला सुरुवात केली. एक गाठ फोडून माझ्यापुढे धरली. आत गुलाबी.

"ही आपली," ती म्हणाली. "हवेतलं खत आणून झाडाला देती. बाजूला चिकटून बसती, नख लावलं की निघती. हुळाची गाठ निघत न्हाय. ती मुळातच सुजलेली असती, काढाय गेलं तर मूळ तुटतं." मग राहिलेल्या मोजल्या. "सात. दोन नंबर. तुमी तर आपल्याच मानसांना चोर म्हनून धरलं की, ताई."

मी चार परीक्षांत लिहिलेलं हेच होतं. जिवाणूंची गाठ आणि सूत्रकृमीची गाठ, तक्त्यासकट. पण पाण्यातून काढलेलं ओलं मूळ हातात आल्यावर तक्ता आठवत नाही. "नखानं निघाली ती आपली" हे आठवतं. पुढे नऊ वर्षं मी तेच म्हणत मोजत आले.

ती मोजायची कानडीत. वंदु, एरडु, मूरु, नाल्कु. दहा झाले की शेजारच्या वाटीत एक चिंचोका टाकायची. मी कागदावर रेघा ओढायचे आणि दर तीन मुळांमागे एकदा चुकायचे. तिची वाटी कधी चुकली नाही. मी एकदा गंमत म्हणून तिनं मोजलेलं मूळ पुन्हा मोजलं, तर माझ्याकडे पाठ असूनही तिला ते कळलं. म्हणाली, "मोजा, मोजा. तुमचं आनि माझं सारखं येस्तोवर मोजा." त्या दिवशी मला तीन वेळा मोजावं लागलं.

कौतुक करणं तिच्या स्वभावात नव्हतं. जीभ तिखट. माणसांनाही ती आमचीच श्रेणी लावायची. कुंभारीच्या गाडीचा कंडक्टर एक नंबर, "त्याला कायबी बोला, आत जात न्हाय." गोदामातला कारकून पाच नंबर, "नुसत्या गाठी, मानूस कुटं दिसतच न्हाय." आमच्या साहेबांना तिनं बरेच दिवस नंबर दिला नव्हता. मी एकदा जेवताना विचारलं, "आणि माझा कितवा?" तिनं भाकरीचा तुकडा मोडला, त्यावर शेंगाची चटणी घेतली, आरामात खाल्लं आणि म्हणाली, "तीन. काटावर हाय तुमचं. पानी कसं मिळतंय तसं जाईल, हिकडं नायतर तिकडं." आम्ही दोघी हसलो. मला त्या वेळी ते फार मजेशीर वाटलं होतं.

किडे आम्ही काचेच्या बाटल्यांत पाण्यात ठेवायचो. माशांच्या टाकीत असतो तसला लहान पंप त्यात हवा सोडत असायचा. वीज गेली की पंप बंद, आणि बाटलीच्या खोल पाण्यात किडे गुदमरून मरतात. हे मलाही माहीत होतं. पण वीज गेल्यावर काय करायचं हे केंद्रात कुणी ठरवलेलं नव्हतं, ते अक्कानं ठरवलं होतं. तिनं घरून चार मोठी स्टीलची ताटं आणून ठेवली होती. वीज गेली रे गेली, की ती बाटल्या त्या ताटांत ओतायची. पाणी बोटभरसुद्धा खोल नसलं की त्याला सगळीकडून वारा लागतो. वीज आली की पुन्हा बाटल्यांत. त्या ताटांच्या काठावर कोरलेलं होतं, 'अक्कास, रेवणसिद्धकडून'. रेवणसिद्ध तिचा पाठचा भाऊ, मंद्रूपला शेती करतो. लग्नात त्यानं दिलेली ताटं. मी म्हटलं, "अक्का, लग्नाच्या ताटांत किडे?" तर म्हणाली, "घरात पडून होती. हितं कायतरी जगतंय तरी त्यांच्यात."

आता ज्याच्यासाठी हे लिहायला घेतलं तिकडे येते. अजून दोन-चार गमती सांगून वेळ काढता आला असता, पण नको.

त्या वर्षी आमच्याकडे एक नवा वाण चाचणीला आला. उत्पादन चांगलं, शेंग फुटत नव्हती. आता सूत्रकृमींपुढे तो टिकतो हे सिद्ध झालं की झालं. आमचे साहेब दोन वर्षांत निवृत्त होणार होते आणि जाण्याआधी आपल्या हातून एखादा प्रतिकारक वाण मार्गी लागावा, अशी त्यांची इच्छा होती. साहेब वाईट नव्हते. हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलं आहे की आता मला त्याचीच चीड येते. पण ते खरं आहे. माझ्या आईच्या आजारपणात त्यांनी मला रजा मागू दिली नाही, आपणहून दिली.

पेरणीच्या दिवशी चेकचं बी संपलेलं निघालं. मी शेती विभागाच्या गोदामात गेले आणि त्याच जुन्या वाणाचं अर्धा किलो बी घेऊन आले. ते शेतात पेरायला तयार करून ठेवलेलं बी होतं, जिवाणूंची काळी भुकटी चोळलेलं. ह्याच जिवाणूंमुळे मुळांवर त्या 'आपल्या' गाठी येतात. अक्कानं चार कुंड्यांत ते लावलं आणि हात पुढे केले. बोटं काळी झाली होती.

"ताई, हे काळं हाय. नव्या वानाचं कोरं हाय. जोडीला चालंल व्हय?"

"हुळांना काय कळतंय त्यातलं," मी म्हणाले.

हसून म्हणाले. तिच्याच ढंगात बोलायचा प्रयत्न केला होता. अक्का हसली नाही. मी आणलंय म्हणजे मला ठाऊक असेल, असं तिला वाटलं असावं.

दोन आठवड्यांनी किडे सोडायचे होते. त्याच्या आधी चार दिवस सलग सुट्ट्या आल्या. सुटीच्या दिवशी रोजंदारीवाल्यांना बोलवायचं नाही, असा कागद नुकताच फिरला होता. अक्का मला म्हणाली, "मी तशीच येऊन जाते की, हजेरी नका लावू." मी म्हणाले, नियम आहे. राखणदार कुंड्यांना पाणी घालत होता. मधल्या एका दिवशी वीज गेली आणि बराच वेळ आली नाही. ताटं मांडणीवर पालथी होती. बाटल्या ताटांत ओतायच्या असतात, हे राखणदाराला कुणी सांगितलं नव्हतं.

सुट्टी संपली त्या सकाळी अक्कानं बाटली उचलून तोंडाशी नेली. "ताई, वास मारतोय. काचंखाली एकदा बघा की." जिवंत किडा सूक्ष्मदर्शकाखाली वळवळतो, मेलेला सरळ पडून राहतो. लहान मुलालाही कळेल. साहेब दारात उभे होते. आज सोडलं नाही तर समितीच्या पाहणीची तारीख जुळणार नाही, म्हणाले. सूक्ष्मदर्शक समोरच्या टेबलावर होता. त्याचं झाकण काढून एक थेंब बघायला दोन मिनिटं लागली असती. मी बाटली हलवली आणि प्रत्येक कुंडीत मोजून पाणी सोडलं. अक्का मागून निमूट बादली घेऊन आली.

दीड महिन्यानं झाडं उपटली. नव्या वाणाची मुळं धुऊन ट्रेमध्ये ठेवली तर पांढरी स्वच्छ. एक गाठ नाही. चेकची मुळं गाठींनी लदबदलेली. साहेबांनी स्वतः येऊन पाहिलं आणि माझ्या पाठीवर थाप दिली. "बघा, एका बाजूला पाच, एका बाजूला एक. असा निकाल सहसा हाती लागत नाही."

ते गेल्यावर अक्कानं चेकचं एक मूळ घेतलं. दुसरं घेतलं. पाहणीसाठी प्रत्येक कुंडीतलं एकेक रोप राखून ठेवलं होतं, ते सोडून चारही कुंड्यांची मुळं तिनं नखाखालून घातली आणि ओंजळ माझ्यापुढे धरली. ओंजळभर गोल गाठी. मुळं मागे लख्ख झालेली.

"समदी आपली हायत," ती म्हणाली. "हुळाची एक बी न्हाय. ती काळी भुकटी, त्याच्या ह्या गाठी. हुळा बाटलीतच मेलेत. चेकवर न्हाईत म्हंजे कशावरच न्हाईत, ताई. समदं परत लावाय लागतंय."

मला एका क्षणात सगळं कळलं. शिजवलेल्या मातीत जिवाणू नसतात, म्हणून कोऱ्या बियांची मुळं कोरी राहिली. काळ्या बियांना गाठी धरल्या. ते बी मी आणलं होतं. मेलेले किडे मी सोडले होते. तिनं दोन्ही वेळा विचारलं होतं आणि दोन्ही वेळा मी उडवून लावलं होतं. त्या क्षणी अक्काच्या तोंडावर माझ्याबद्दल राग नव्हता. परत लावायचं म्हणजे परत लावायचं, तिच्या लेखी विषय संपला होता.

मी साहेबांकडे गेले. बी मी कुठून आणलं ते सांगितलं नाही, पण गाठी नखानं निघतात एवढं सांगितलं. साहेब म्हणाले, "दोन्ही असतील. थोड्या जिवाणूंच्या, थोड्या सूत्रकृमीच्या. मिश्र. परवा समिती येतेय, आता कुठे परत लावणार?" मी हो म्हणाले. मिश्र हा शब्द ऐकून मला चक्क बरं वाटलं, हे मला आजही आठवतं.

पाहणीला तिघं आले होते. टेबलावर पांढरे ट्रे, त्यात दोन्ही वाणांची मुळं. अक्कानं नख लावलेली मुळं साहेबांनी बाजूला ठेवायला सांगितली होती, ट्रेमध्ये राखून ठेवलेल्या रोपांची होती. पाहुण्यांनी मोबाइलवर फोटो काढले. साहेब समजावून सांगत होते. अक्का बादली घेऊन कोपऱ्यात उभी होती. तिला कुणी काही विचारलं नव्हतं, विचारायची रीतही नव्हती.

"साहेब," ती म्हणाली, "ह्या हुळाच्या गाठी न्हाईत. ह्या निघत्यात."

आणि पुढे येऊन तिनं ट्रेमधल्या मुळाला नख लावलं. टप टप टप. सगळे बघत राहिले. साहेब हसून म्हणाले, "पुरे, अक्का." पण पाहुण्यांत एक वयस्क गृहस्थ होते. त्यांनी एक गाठ उचलली, चिमटीत फोडली, आतला गुलाबी रंग बघितला आणि अक्काला विचारलं, "ह्या कशानं आल्या मग?"

"बी काळं व्हतं. भुकटी लावलेलं."

"कुणी आणलं ते बी?"

अक्कानं माझ्याकडे पाहिलं. एकदाच. माझं नाव घेतलं असतं तर ती तिथल्या तिथं खरी ठरली असती. तिच्या हातात दुसरा कसला पुरावाच नव्हता.

"ठावं न्हाय, साहेब," ती म्हणाली. "गोदामातनं आलं."

मग ते गृहस्थ माझ्याकडे वळले. "तुम्ही मोजलंय ना हे? तुम्ही सांगा. ह्या गाठी कशाच्या?"

तिनं मला वाचवलं होतं. त्या उपकाराची फेड करायला पाच शब्द पुरेसे होते. बी मी आणलं होतं, सर. मी साहेबांकडे बघितलं, मग ट्रेकडे बघितलं.

"मिश्र असाव्यात, सर," मी म्हणाले.

वयस्क गृहस्थांनी मान हलवली आणि हात धुवायला पाणी मागितलं. पाणी अक्कानंच घातलं.

दुपारी मी वहीत लिहिलं. चेक, श्रेणी पाच. नवा वाण, श्रेणी एक, अतिप्रतिकारक. अक्षर माझं चांगलं आहे, लहानपणापासून सगळे म्हणतात. अक्कानं तिन्ही बादल्या घासून पालथ्या घातल्या आणि रोजच्या गाडीनं गेली. सोमवारी आली तेव्हा तिची दहाही नखं कापलेली होती.

पुढच्या महिन्यात तिला मुळांच्या कामावरून काढून बांधावरचं गवत काढायला लावलं. खरिपाच्या यादीत तिचं नावच नव्हतं. यादी साहेबांनी केली, पण टाइप मी केली. त्याच वर्षअखेरीस मला कायम केलं. निकालाच्या अहवालावर साहेबांच्या नावाखाली माझं नाव आहे. तो अहवाल माझ्या आईनं प्लॅस्टिकच्या कव्हरात घालून ठेवलाय.

दोन वर्षांनी नव्या वाणाचं बी प्रात्यक्षिकासाठी निवडक शेतकऱ्यांना वाटलं. मंद्रूपच्या यादीत रेवणसिद्ध होता. आधी त्याच्या त्या रानात डाळिंब होतं आणि ते निमॅटोडनंच काढावं लागलं होतं. असलंच रान आम्हाला हवं होतं. अक्का त्याला नको म्हणाली. तिच्या सांगण्यावर तो का म्हणून विश्वास ठेवील? आमची रंगीत घडीपत्रिका त्याच्या हातात होती. तिच्यावर पांढऱ्या स्वच्छ मुळाचा फोटो होता.

हे मला अक्काकडूनच कळलं. श्रावण संपत आला होता. दुपारी मी टेबलाशी होते आणि दारात ती उभी. हातात ओल्या फडक्याचं गाठोडं. दोन वर्षांत केस बरेच पांढरे झाले होते.

"माझी ताटं न्यायला आले," ती म्हणाली.

ताटं मांडणीवरच होती. ती तिनं पिशवीत घातली. मग गाठोडं माझ्या टेबलावर सोडलं. सोयाबीनची तीन मुळं. आल्याच्या गड्ड्यांसारखी सुजलेली.

"मोजा," ती म्हणाली.

मी मोजलं. पहिल्याच मुळावर शंभर ओलांडले. मी थांबले तर ती म्हणाली, "पुरं मोजा." तिन्ही मुळं मोजून होईपर्यंत ती उभीच होती. मी बसा म्हटलं, ती बसली नाही.

"कितवा नंबर?"

"पाच."

"आता लिवा."

मी तिला समजावून सांगितलं. फार सौम्यपणे सांगितलं. शेतातला नमुना असा बाहेरून घेता येत नाही. अधिकाऱ्यानं स्वतः काढलेला लागतो, सोबत अर्ज लागतो, नकाशा लागतो. शिवाय वाण आता पुढे गेलाय, साहेब निवृत्त झालेत. मी बोलत होते आणि ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मूळ बघायची तसंच.

"पंचमीला रेवण न्यायला आला न्हाय," ती मध्येच म्हणाली. "लगीन झाल्यापासनं एक पंचमी चुकली नव्हती माझी. मीच गेले तर दारात म्हनला, तू तितं अठरा वर्षं व्हतीस, तुझ्याच हातचं बी हाय हे, तुला ठावं असून मला बुडू दिलंस. मी नको म्हनले व्हते की त्याला. त्याला वाटतंय, मी नीट सांगितलंच न्हाय. नीट म्हंजे कसं सांगायचं, ताई? तुमी सांगा. तुमी शिकलेल्या हाय."

मी चहा मागवते म्हणाले. "साकु," ती म्हणाली, म्हणजे पुरे. फडकं पुन्हा बांधलं, ताटांची पिशवी घेतली आणि गेली. एक ओळ लिहायला मला कुणी अडवलं नव्हतं. वही माझ्याच कपाटात होती, किल्ली माझ्या पर्समध्ये. त्या संध्याकाळी मी ती उघडली, माझं अक्षर बघितलं आणि पुन्हा ठेवली. माझं नाव त्या पानावर आहे, हे एकच कारण. बाकी सांगते ते सगळे बहाणे.

तिला शेवटचं पाहिलं ते गेल्या वर्षी, कुंभारीला. शेतकरी मेळावा होता आणि मी प्रमुख वक्ता. शाळेच्या पटांगणात मांडव, मागे माझ्या नावाचा फलक. पुढे पुरुष, मागच्या रांगांत बायका. मी पडद्यावर मुळांचे फोटो दाखवत होते. गाठ कशी ओळखायची ते सांगताना सवयीनं तोंडातून गेलं, "नखानं निघाली ती आपली, न निघाली ती परकी." मागच्या बायकांत एकदम खसखस पिकली आणि सगळ्या जणी एकीकडे वळून बघायला लागल्या. तिथं अक्का बसली होती. गावातल्या प्रत्येक बाईला ते वाक्य कुणाचं ते ठाऊक होतं. अक्का वर बघत नव्हती.

भाषणानंतर लोकांनी आणलेली रोगट झाडं टेबलावर मांडून घेतली. अशा मेळाव्यात ती पद्धतच असते, एकेक उचलायचं आणि माइकवर रोग सांगायचा. संयोजक तरुण आणि उत्साही होता. कपाशी झाली, मिरची झाली. मग त्यानं एक ओलं फडकं सोडलं. ते बांधलेलं बघूनच मी ओळखलं. आत सोयाबीनचं एक मूळ, वाणाच्या नावाची चिठ्ठी आणि एका पुरचुंडीत चिंचोके. मी ते बोटानं सारले. अकरा होते, म्हणजे एकशेदहा. मूळ उचललं. ते जागोजाग सुजलं होतं, आणि मधल्या मोकळ्या जागी बारीक ओरखडे होते. नखानं निघणारी एकही गाठ तिनं त्यावर ठेवली नव्हती. म्हणजे नख तिनं पुन्हा वाढवलं होतं. मिश्र म्हणायला तिनं मला जागाच ठेवली नव्हती.

"म्याडम, चिठ्ठीवर तर तुमच्याच केंद्राचा वाण हाय," संयोजक माइकवर म्हणाला. "मग ह्या गाठी कशाच्या?"

मी मागच्या रांगेकडे पाहिलं. अक्का उठली होती. तिनं लुगड्याला लागलेली माती झटकली, शेजारणीच्या खांद्याचा आधार घेऊन चप्पल पायात सरकवली आणि पाठ फिरवून फाटकाकडे चालू लागली. घाई नव्हती तिला. मी अजून तोंड उघडलं नव्हतं. उत्तर ऐकायला थांबावं, असं तिला वाटलं नव्हतं.

मी माइक जवळ ओढला.

"नमुना नेते," मी म्हणाले. "तपासून सांगते."